उबेसाठी भांडणाऱ्या सिस्टर

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या पायाला हात लावायच्या. पेशंटच्या अंगावरची चादर पायाकडून उचलायची, आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या बोटांना टेकवायची आणि क्षणभर थांबायचं. पाय गार लागला की त्या मान वर करून खाटेभोवतीच्या नातेवाइकांकडे अशा बघायच्या, की जणू त्यांनीच तो पाय माठात बुडवून आणला असावा. "तोंड काय, हसतं, बोलतं, बरं वाटतंय म्हणून सांगतं," त्या म्हणायच्या. "पायाची बोटं खोटं बोलत नाहीत."

आमचं गाव दिवेआगरच्या पुढे, समुद्राला लागून. गावात एकच खाजगी हॉस्पिटल, वीस खाटांचं, आणि त्यात एक ऑपरेशन थिएटर. सिस्टर एकवीस वर्षं त्या थिएटरच्या प्रमुख होत्या. मूळच्या पेणकडच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. पेशंटशी शुद्ध, तुटक मराठी बोलायच्या. संतापल्या की घरची बोली वर यायची, आणि त्या रोज संतापायच्या. गावाने त्यांना 'हवालदार' असं नाव ठेवलं होतं. मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाविषयी लिहिताना जो तो आपण त्याच्या किती जवळचे होतो हे लिहितो. मी जवळचा नव्हतो. मी इथल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. मला हळू बोलणारी माणसं आवडतात.

त्यांचं सगळ्यात जुनं भांडण हॉस्पिटलचे मालक असलेल्या डॉक्टरांशी होतं, आणि ते थिएटरच्या एसीवरून होतं. डॉक्टर अंगाने भारी. आमच्याकडची दमट हवा, त्यावर तो हिरवा गाऊन, टोपी, मास्क. त्यांना घामाच्या धारा लागायच्या. ते आत गेले की एसी सोळावर करायचे. सिस्टर तो चोविसावर नेऊन ठेवायच्या. शेवटी त्यांनी रिमोट स्वतःच्या खिशातच ठेवायला सुरुवात केली. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू यायचं.

"सिस्टर, रिमोट कुठाय?"

"सापडत नाही, सर."

"तुमच्या खिशात आहे."

"मग सापडला."

"सोळा करा. गारव्यात जंतू वाढत नाहीत."

"जंतूंना थंडी वाजत नाही, सर. पोट उघडं टाकलेल्या माणसाला वाजते."

यामागचं कारण त्या कुणालाही सांगायच्या, न विचारता, आणि समोरच्याचाच गुन्हा असल्यासारख्या आवाजात. "तुम्हाआम्हाला थंडी वाजली तर आपण अंग चोरतो, कुडकुडतो, पांघरूण ओढतो. भूल दिली की शरीर कुडकुडायचंसुद्धा विसरतं. नुसतं गार होत जातं. गार झालं की रक्त कातडीकडून आत पळतं, काळीज सांभाळायला. आणि कापलेलं कुठे असतं? कातडीला. तिथे रक्तच पोचलं नाही तर जंतूंशी लढणार कोण, आणि ती फट बुजवणार कोण? टाके? टाके नुसते धरून ठेवतात. भरून काढतं ते रक्त." म्हणून त्या सलाईनच्या बाटल्या कोमट पाण्याच्या टबात ठेवायच्या आणि पाण्यात थर्मामीटर बुडवून बघत बसायच्या. पेशंटचे हातपाय, डोकं कापसात आणि बँडेजमध्ये गुंडाळायच्या. जिथे कापायचं तेवढीच जागा उघडी. गरम पाण्याची पिशवी मात्र थिएटरच्या दारातही येऊ द्यायच्या नाहीत. भूल दिलेल्या माणसाला पोळलं तरी कळत नाही, हे त्यांनी कधीतरी डोळ्यांनी पाहिलं असावं. त्याबद्दल त्या जास्त बोलत नसत.

आता आमच्या किनाऱ्यावर लोकरीचं कापड कुणाच्या घरात असणार? डिसेंबरात एक चादर आम्हाला पुरते. पण मोहल्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक वस्तू असते: गल्फचं ब्लँकेट. मुलगा दुबईहून, कतारहून पहिल्यांदा सुट्टीवर येतो तेव्हा ते जाडजूड, मऊ, वाघाच्या नाहीतर गुलाबाच्या चित्राचं ब्लँकेट आणतो. ते चेनच्या प्लॅस्टिक पिशवीतून बाहेर निघत नाही. कपाटावर वर्षानुवर्षं पडून असतं. सिस्टरांना कुणाकडे कोणत्या रंगाचं आहे ते पाठ होतं. ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांना हुकूम सुटायचा: ब्लँकेट आणा, नसेल तर शेजाऱ्याकडून आणा. मग थिएटरशेजारच्या खोलीत पंखा बंद करून, ऐन मे महिन्यातसुद्धा, पेशंटला तासभर त्यात गुंडाळून ठेवायचं. पेशंट शिव्या घालायचा. पाय हाताला गरम लागले की त्या म्हणायच्या, "आता न्या आत. आता त्याच्याकडे ऊब शिल्लक हाय."

माझ्या बायकोचं गर्भाशय काढायचं ठरलं तेही मे महिन्यात. दोन दिवस आधी तपासण्यांसाठी गेलो होतो. सिस्टर कॉरिडॉरमध्ये आल्या.

"ब्लँकेट आणा. तुमच्या शेजारच्या हमीदाभाभींकडे हाय, निळं. मना ठाऊक हाय."

मी म्हणालो, "सिस्टर, दुसऱ्याच्या घरातलं, धूळ बसलेलं कापड ऑपरेशनच्या पेशंटला गुंडाळायचं? आणि या उकाड्यात?"

"धूळ पिशवीवर असते. आणि ते आत टेबलावर नाही, बाहेर गुंडाळायचंय."

"थिएटर थंड ठेवतात त्याला काही शास्त्र असेल ना. माझं थोडंफार वाचन आहे, सिस्टर."

"वाचन तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "पोट बाईंचं आहे."

बाकावर आठदहा लोक होते. सगळे हसले. माझी बायकोही हसली.

मी वाचनालयात येऊन बसलो आणि एक पत्र लिहिलं. पानभर. 'अस्वच्छ', 'अशास्त्रीय', 'रुग्णांच्या नातेवाइकांचा जाहीर अवमान' असे शब्द त्यात होते. खाडाखोड नको म्हणून दोनदा लिहिलं. बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरांच्या हातात नेऊन दिलं तेव्हा त्यांनी ते सावकाश वाचलं, परत एकदा वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "असं लेखी कुणी देत नाही हो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांची बदली थिएटरमधून वॉर्डात झाली. एकवीस वर्षांत जे डॉक्टरांना जमलं नव्हतं, ते माझ्या एका कागदाने झालं.

ऑपरेशन दीड तासाचं होतं. आत आतडी चिकटलेली निघाली म्हणून सव्वातीन तास चाललं. आतून एकही भांडण ऐकू आलं नाही. बायकोला बाहेर आणलं तेव्हा भूल उतरत होती आणि ती अशी कुडकुडत होती, की स्ट्रेचरचा दांडा खडखडत होता. ओठ जांभळे. सिस्टर वॉर्डातून आल्या, चादर उचलली, पायाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. पंधरावीस मिनिटांनी हमीदाभाभी निळं ब्लँकेट काखेत घेऊन धापा टाकत आल्या. "भाऊ, सिस्टरचा फोन आला. तुम्ही मागायला का नाय आलात? कपाटावर पडूनच तर होतं."

सहाव्या दिवशी जखमेच्या कडा लाल झाल्या, पाणी यायला लागलं. आठव्या दिवशी टाके सुटले. वीतभर जखम उघडी पडली. बायकोला साखर नाही, रक्त कमी नाही, वय पन्नासही नाही. डॉक्टर राउंडला आले आणि तिला म्हणाले, "ऑपरेशन आपलं एकदम छान झालं होतं. इथे वॉर्डात ड्रेसिंगमध्ये हलगर्जी झाली." सिस्टर ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मी खिडकीपाशी होतो आणि बाहेर बघत राहिलो.

तोवर मी वाचलं होतं. ऑपरेशननंतरच्या त्या आठ दिवसांत, मिळेल तिथून. सिस्टर बाकाजवळ ओरडून जे सांगायच्या, तेच तिथे शांत भाषेत लिहिलेलं होतं: शरीर थोडंसं जरी गार पडलं तरी कातडीचा रक्तपुरवठा घटतो, जंतूंचा जोर वाढतो, जखमा उशिरा भरतात. मी आधी का वाचलं नाही, याला माझ्याकडे उत्तर आहे. आधी मला वाटत होतं की मी वाचलेलं आहे.

सिस्टरांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. बायकोला घरी आणल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या आमच्या दारात उभ्या.

"मना तुमच्याशी बोलायचं नाय. बाई कुठे हायत?"

आतून बायको ओरडली, "अहो, त्या बाईला घरात घेऊ नका!"

"नका घेऊ," सिस्टर दारातूनच म्हणाल्या. "रोज रिक्षात बसा, खड्डे खात हॉस्पिटलात जा. वाटेत राहिलेले टाकेपण सोडून या."

मी दारातून बाजूला झालो. सिस्टर आत आल्या.

अशा त्या अकरा आठवडे आल्या. एक दिवस चुकवला नाही. उघडी जखम तळापासून वर भरत आणावी लागते. वरून आधी मिटली तर आत पोकळी राहते. त्या आमच्या स्वयंपाकघरात सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवायच्या, पंखा बंद करायला लावायच्या, आणि मला ट्रे धरून उभं करायच्या. बायको त्यांना घालूनपाडून बोलायची. ती मुळात तशी नाही. पण पोटाला वीतभर भोक घेऊन पडलेल्या माणसाला कुणावर तरी राग काढावा लागतो, आणि डॉक्टरांनी तिला माणूस दाखवून ठेवला होता.

"हात धुतलेत का?"

"तुमच्यासमोर धुतले. कोपरापर्यंत."

"आता बऱ्या धुता. तेव्हा असे धुतले असते तर मी आज इथे पडले नसते."

मी ट्रे धरून उभा होतो. मला वाटलं, आता सिस्टरांच्या तोंडून सगळं फुटणार. सिस्टरांनी चिमट्याने गॉज उचललं आणि म्हणाल्या, "चुकलं."

हे एकदाच झालं नाही. अधूनमधून बायको तो विषय काढायची, आणि डॉक्टरांना एकवीस वर्षं उलट उत्तर देणारी ती बाई प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायची, "चुकलं." तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना फाटकाशी गाठलं आणि विचारलं, "तिला खरं का सांगत नाही?"

त्या स्कूटी वळवत होत्या. थांबल्या. "कागद बघितला मी तुमचा. सरांनी मुद्दाम दाखवला. अक्षर छान हाय." मग म्हणाल्या, "थंडीनंच झालं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. त्या सोळाच्या एसीतून ठणठणीत घरी गेलेले पण बघितलेत मी. पण माझ्या ड्रेसिंगनं झालं नाही, एवढं मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे."

"म्हणूनच विचारतो."

"आज सांगितलं तर घरात काय होईल? बाई जेवणार नाहीत, झोपणार नाहीत, तुमच्याशी भांडत बसतील. मग काय जखम भरते? मी तुमची अब्रू राखत नाय, ग्रंथपाल. तुमच्या अब्रूचं मना काय करायचंय? जखम भरेपर्यंत मी गप्प. पुढचं तुमचं. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं."

जखम भरली. शेवटच्या दिवशी सिस्टरांनी त्या गुलाबी रेघेवरून बोट फिरवलं, "झालं" म्हणाल्या आणि पेटी उचलली. बायको म्हणाली, "सुटले एकदाची." कुणी कुणाचा निरोप घेतला नाही.

पुढे त्या गावातच घरोघरी ड्रेसिंग करत, इंजेक्शनं देत फिरायच्या. पण 'हलगर्जी' हा शब्द गावात पोचला होता. काही घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं, त्यात ज्यांच्या लेकीसुना त्यांनी ब्लँकेटात गुंडाळून आत नेल्या होत्या अशीही घरं होती. त्याच सुमारास त्यांनी वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. मला वाटतं, केवळ मला छळण्यासाठी. दर शनिवारी अकरा वाजता त्या काउंटरसमोर उभ्या राहायच्या.

"सांगितलं?"

"नाही अजून."

"बरं. हे पुस्तक बदला. ह्यातला नवरा तुमच्यासारखा हाय. पन्नास पानं झाली, नुसता विचार करतोय."

मला त्यांचा तिरस्कार वाटायचा. हा शब्द जपून वापरतोय. शनिवारी पावणेअकराला मी मागच्या कपाटांकडे काहीतरी काम काढायचो, आणि त्या तिथेही यायच्या. त्या गावाला ओरडून सांगू शकत होत्या. तशा त्या ओरडल्या असत्या तर मला त्यांना खोटं पाडता आलं असतं, आणि कदाचित मी पाडलंही असतं. पण त्या फक्त मला विचारायच्या, एक शब्द, आणि पुस्तक घेऊन जायच्या. मी कारणं शोधत राहिलो. आधी जखम नवी होती. मग बायको नुकती हिंडूफिरू लागली होती. मग ती आनंदात होती. मग गोष्ट जुनी झाली होती.

मध्यंतरी हॉस्पिटलात पनवेलहून एक तरुण भूलतज्ज्ञ यायला लागला. त्याने पहिल्याच महिन्यात अंगावर गरम हवा सोडणारं यंत्र मागवलं. डॉक्टरांनी ते निमूट घेतलं. मी ही बातमी सिस्टरांना सांगितली, त्यांना बरं वाटेल म्हणून. त्या म्हणाल्या, "यंत्रानं सांगितलं की ऐकतात. सांगितलं का बाईंना?"

यंदा पाऊस सरता सरता त्या भावाकडे पेणला गेल्या होत्या, तिथेच हृदय बंद पडून गेल्या. अंत्यविधीही तिकडेच झाला. शोकसभा आमच्या वाचनालयाच्या सभागृहात ठरली. खुर्च्या मी लावल्या. त्यांचा भाऊ आला होता, हमीदाभाभी होत्या, तिसऱ्या रांगेत माझी बायको होती, ती म्हणाली होती, "कशीही असली तरी अकरा आठवडे आली होती." मुख्य भाषण डॉक्टरांचं. ते म्हणाले, सिस्टर कडक होत्या, शिस्तीच्या होत्या. म्हणाले, पेशंटला ऊब देण्याची काळजी आपलं हॉस्पिटल किती आधीपासून घेत आलं आहे, आज त्यासाठी आपल्याकडे खास यंत्र आहे. मग आवाज मऊ करून म्हणाले, "त्यांच्या हातून एक चूक झाली. पण गेलेल्या माणसाच्या चुका आपण काढू नयेत."

मी आभार मानायला उभा राहिलो. तेवढंच माझं काम होतं.

मी म्हणालो, "ती चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. सिस्टरांना थिएटरमधून काढलं ते माझ्या लेखी तक्रारीवरून. तक्रार चुकीची होती. त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या बायकोचं पोट सव्वातीन तास थंड खोलीत उघडं होतं. जखम का चिघळली ते कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण ड्रेसिंगने चिघळली हे खोटं आहे. ते डॉक्टरांना माहीत होतं, आणि मलाही."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, तुम्ही भावनेच्या भरात—"

"पत्र तुमच्याकडे असेल," मी म्हणालो. "नसेल तर मी तोंडी सांगतो, मला पाठ आहे."

डॉक्टर मोबाइल बघत बाहेर गेले. सिस्टरांचा भाऊ माझ्याजवळ आला. मिठागरावर उन्हात रापलेला, बहिणीसारख्याच भुवया. मला वाटलं हात उगारेल. तो एवढंच म्हणाला, "आमच्या बायनं यातलं आमाला काय सांगितलं नाय." आणि चपला शोधायला गेला.

घरी येताना बायको चार पावलं पुढे चालत होती. घरात आल्यावर तिने पर्स खुंटीला लावली, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मी तिला काय काय बोलले."

"हो."

"ती 'चुकलं' म्हणायची. आणि तुम्ही ट्रे धरून उभे होतात."

"जखम भरेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं त्यांनीच—"

"जखम भरून चार वर्षं झाली," ती म्हणाली, आणि आत गेली.